वीतभर अंतर: गगनबावडा रस्त्यावरील एका धडकेचा प्रकरण अभ्यास

गाडीत दोन एअरबॅग होत्या, डाव्या बाजूचा पत्रा फूटभर आत आला होता, आणि तरीही दोन्हींपैकी एकही एअरबॅग उघडली नव्हती. विम्याच्या दाव्याच्या कागदपत्रांसोबत, गाडी चालवणाऱ्या मुलाने एक वेगळा अर्ज जोडला होता व त्यात एकच मागणी केली होती: गाडीतील एअरबॅग सदोष होत्या, असे गाडीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने, म्हणजे मी, अहवालात स्पष्ट लिहावे. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच मागितले असते, कारण त्या आठवड्यात त्याची आई अतिदक्षता विभागात होती आणि घरातल्या कोणालाही ती ओळखत नव्हती.

वाहन विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्याचे काम मी कोल्हापूर जिल्ह्यात बावीस वर्षे करत आहे. त्या काळात समोरासमोरच्या धडका, उलटलेल्या गाड्या, उभ्या ट्रॉलीखाली घुसलेल्या गाड्या अशा शेकडो पाहिल्या. परंतु एखाद्या कुटुंबाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला स्वतःच्याच कामाकडे नव्याने पाहावे लागले, असे क्वचितच घडले. त्यामुळे हे एक प्रकरण, कुटुंबाची संमती घेऊन आणि ओळख पटेल असा तपशील वगळून, सविस्तर लिहीत आहे.

घटना

डिसेंबर महिना, संध्याकाळी पावणेसातचा सुमार. बालिंग्याचा पूल ओलांडून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याची गळीत हंगामात काय अवस्था असते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, प्रत्येकामागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, कठड्याच्याही वर रचलेला ऊस आणि मागे बहुधा ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. कुटुंब पावण्यांकडचा कार्यक्रम आटोपून एका गावातून कोल्हापूरकडे परत निघाले होते. गाडी एकतीस वर्षांचा मुलगा चालवत होता, डाव्या बाजूला पुढे आई आणि मागे उजवीकडे सून बसली होती. पुढच्या दोघांनी सीटबेल्ट लावले होते. मागे सुनेने लावला नव्हता.

गावाच्या फाट्यावरून मुख्य रस्त्यावर येऊन उजवीकडे वळायचे म्हणजे आधी जवळची मार्गिका ओलांडावी लागते आणि मग डावीकडून, म्हणजे गगनबावड्याच्या बाजूने येणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत शिरावे लागते. फाट्याला लागूनच डाव्या हाताला उसाने भरलेला एक ट्रॅक्टर टायर पंक्चर होऊन उभा होता. दोन ट्रॉल्यांच्या त्या भिंतीपलीकडचे काहीही दिसत नव्हते. मुलाने गाडी हळूहळू पुढे काढली, उजवीकडून कोणी येत नाही हे पाहिले, आणि डावीकडचे दिसावे म्हणून गाडीचे नाक ट्रॉलीच्या पुढे नेले. नाक पुढे गेले याचा अर्थ निम्मी गाडी दुसऱ्या मार्गिकेत गेली होती. दुधाचे कॅन घेऊन कोल्हापूरकडे निघालेला पिकअप त्याच क्षणी तिथे पोहोचला.

पिकअपच्या चालकाने ब्रेक दाबला होता, रस्त्यावर टायरच्या खुणा होत्या. त्या खुणांची लांबी, गाडी बाजूला ढकलली गेलेले अंतर आणि दोन्ही वाहनांचे नुकसान पाहता धडकेच्या क्षणी पिकअपचा वेग ताशी 45 ते 50 किलोमीटरच्या दरम्यान असावा, असा माझा अंदाज आहे. हा काही भन्नाट वेग नव्हे. त्याच रस्त्यावर आपण सगळेच या वेगाने जातो.

मुलाला डाव्या खांद्याला आणि कानाच्या वर मुका मार लागला. बेल्ट न लावलेली सून मागच्या सीटवरून घसरत थेट डाव्या दारापर्यंत गेली आणि तिचे गळ्याजवळचे हाड मोडले. आईच्या डाव्या बाजूच्या पाच बरगड्या, कमरेच्या हाडाचे कडे आणि डावा दंड मोडला. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. एकोणीस दिवस अतिदक्षता विभाग, त्यानंतर सात आठवडे रुग्णालय.

पाहणी

गाडी शिरोलीजवळच्या एका वर्कशॉपच्या आवारात उभी होती. समोरून पाहिले तर तिला काही झाले आहे असे वाटले नसते: बंपर शाबूत, दोन्ही हेडलाइट शाबूत, बॉनेटवर ओरखडासुद्धा नाही. डाव्या बाजूला गेल्यावर मात्र गाडी नव्हतीच, पत्र्याची खोळ होती. दारांखालचा रनिंग बोर्ड आत वळला होता, मधला खांब छतापासून खालपर्यंत धनुष्यासारखा वाकला होता. मूळ रेषेपासून मोजले तेव्हा खांबापाशी पत्रा 24 सेंटीमीटर आणि पुढच्या दाराच्या मध्यावर 31 सेंटीमीटर आत आलेला होता. पुढच्या डाव्या सीटची पाठ गिअरच्या दांड्याकडे कलली होती. सीटवर, पायाखाली, बेल्टच्या बकलमध्येसुद्धा काचेचे साखरेएवढे खडे होते.

दाराच्या खिडकीची वरची चौकट मी बराच वेळ पाहत राहिलो. मधल्या खांबावरचे प्लास्टिकचे आवरण बेल्टच्या कडीच्या थोडे खाली तडकले होते, आणि त्या तड्यात चार-पाच पांढरे केस अडकलेले होते. आईचे डोके कशावर आपटले याचा यापेक्षा वेगळा पुरावा मला नको होता.

वर्कशॉपमधले मुख्य मिस्त्री माझ्यामागे उभे होते. मुलाच्या अर्जाविषयी त्यांनाही कळले होते. ते म्हणाले, "सायेब, ह्या बाजूला फुगाच न्हाई, तर उघडणार काय?" तांत्रिक भाषेत मी चार पाने लिहिली तरी त्या वाक्यात जेवढे आहे त्यापेक्षा वेगळे काही लिहिणार नव्हतो.

तरीही मुलाचा अर्ज गंभीर होता, त्यामुळे तपासणी पूर्ण करणे भाग होते. एअरबॅगचे नियंत्रण युनिट स्कॅनरला जोडले. धडकेपूर्वीचा कोणताही जुना दोष त्यात नोंदलेला नव्हता, दोन्ही पुढच्या एअरबॅगची जोडणी व्यवस्थित होती, आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा इग्निशन सुरू केल्यावर लागून काही सेकंदांनी विझत होता, म्हणजे प्रणाली धडधाकट होती. एअरबॅग उघडल्या नाहीत, कारण त्यांनी उघडणे अपेक्षितच नव्हते.

उघडल्या का नाहीत

ही गोष्ट मी मुलाला ज्या रीतीने समजावली त्याच रीतीने येथे मांडतो, कारण हाच गैरसमज मला शिकल्यासवरल्या माणसांतही नेहमी आढळतो. "एअरबॅग" हा शब्द ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गाडीभर पसरणारे एक संरक्षण येते. प्रत्यक्षात प्रत्येक एअरबॅगला एक दिशा असते. स्टिअरिंगमधली आणि डॅशबोर्डमधली पिशवी माणूस पुढे फेकला जाईल तेव्हाच त्याला झेलते, आणि तिला उघडण्याचा आदेश देणारी यंत्रणा गाडीचा वेग पुढून मागे किती झपाट्याने घटतो हे मोजत असते. डावीकडून धडक बसते तेव्हा पुढच्या दिशेचा वेग फारसा घटत नाही. माणसाचे शरीर जागेवरच राहू पाहते आणि त्याच्याखालची गाडी उजवीकडे सरकते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो डावीकडे, धडक देणाऱ्या वाहनाच्या दिशेने, जातो. डॅशबोर्डमधली पिशवी त्या क्षणी उघडली असती तरी ती आईच्या नाकासमोर रिकाम्या जागेत फुगली असती आणि डोके तिच्या बाजूने खांबावर आपटले असते.

बेल्टचेही तसेच. बेल्टने आईची कंबर सीटवर धरून ठेवली, तिला गाडीबाहेर फेकले जाऊ दिले नाही, आणि ती आज जिवंत आहे यात बेल्टचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. परंतु छातीवरून तिरका जाणारा पट्टा पुढे जाणाऱ्या शरीराला जेवढा धरतो तेवढा कडेला कलणाऱ्या शरीराला धरत नाही.

आता अंतराचा विचार करू. समोरून धडक बसली तर माणूस आणि समोरचे वाहन यांच्यामध्ये बंपर, बॉनेट, इंजिन, चेसिसचे पुढचे दांडे असा जवळजवळ मीटरभराचा भाग असतो. तो चुरगळतो आणि चुरगळताना धडकेची ऊर्जा खातो. बाजूला काय असते? दाराचा बाहेरचा पत्रा, त्याच्या आत एक आडवा पोलादी दांडा, काच खाली-वर करणारी यंत्रणा, आणि आतला प्लास्टिकचा पॅनेल. त्याच मॉडेलची दुसरी गाडी वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला आली होती. मी मुलाला तिच्या डाव्या सीटवर बसवले आणि त्याच्या खांद्यापासून दाराच्या पॅनेलपर्यंत माझी वीत लावली. वीत पुरी मावली नाही.

ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 14 मीटर, म्हणजेच सेकंदाच्या शंभराव्या भागात 14 सेंटीमीटर. दाराचा प्रतिकार धरला तरी वीतभर अंतर संपायला सेकंदाचे दोन-तीन शतांश पुरतात. पापणी मिटायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. समोरच्या धडकेत एअरबॅगच्या यंत्रणेला निर्णय घेऊन पिशवी फुगवायला साधारण पाच-सहा शतांश सेकंद मिळतात. बाजूच्या धडकेत निर्णय अर्ध्या ते एक शतांशात घ्यावा लागतो आणि पिशवी पुढच्या एक-दोन शतांशांत भरावी लागते. म्हणूनच बाजूच्या एअरबॅगचे सेन्सर मधल्या खांबात किंवा थेट दाराच्या पोकळीत बसवतात. दाराचा पत्रा आत दाबला गेल्याबरोबर त्या पोकळीतल्या हवेचा दाब वाढतो आणि सेन्सर तो ओळखतो. हे इतक्या वेगाने घडवून आणणे अवघड होते, त्यामुळे बाजूची एअरबॅग पुढच्या एअरबॅगच्या बऱ्याच नंतर आली. ती विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा 1995 च्या व्होल्वो 850 मध्ये दिसली, आणि डोक्यासाठी छताच्या कडेतून खाली उतरणारी कर्टन एअरबॅग त्याच कंपनीच्या एस 80 मध्ये 1998 मध्ये आली.

या दोन पिशव्यांची कामे वेगळी आहेत. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेतून निघणारी पिशवी छाती व पोट सांभाळते, काही गाड्यांत कंबरसुद्धा. दार आत येते तेव्हा ती बरगड्या आणि पॅनेल यांच्यामध्ये असते आणि मार एका जागी न बसता पसरतो. कर्टन पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत खिडक्यांवर पडद्यासारखी उतरते आणि डोके व बाहेरची वस्तू यांच्यामध्ये येते. दाराची काच पहिल्याच क्षणी फुटून जाते, तिचा आधार काहीच नसतो. त्यानंतर डोक्यासमोर असतो तो खांब, झाड किंवा दुसऱ्या गाडीचे बॉनेट. छाती सांभाळणारी पिशवी डोके सांभाळत नाही, हे गाडी घेणाऱ्याने नीट लक्षात घ्यावे. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2006 मध्ये प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदींवरून हिशेब मांडला होता. चालकाच्या बाजूने बसलेल्या धडकेत डोके सांभाळणाऱ्या बाजूच्या एअरबॅगमुळे कारमधील चालकाच्या मृत्यूचा धोका 37 टक्क्यांनी आणि एसयूव्हीमध्ये 52 टक्क्यांनी घटलेला आढळला. फक्त छाती सांभाळणारी पिशवी असलेल्या गाड्यांत हीच घट अनुक्रमे 26 आणि 30 टक्के होती. ते रस्ते अमेरिकेचे आहेत, गाड्याही तिथल्या आहेत. पण बरगडी आणि कवटी सगळीकडे सारखीच असते.

पिकअपची उंची

या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती. मुलाने दुसऱ्या भेटीत मला विचारले की गाडी सरकारी चाचण्या पास होऊनच विकली जाते ना, मग बाजूने इतकी कशी चेपली? प्रश्न रास्त होता. भारतात बाजूच्या धडकेची चाचणी एआयएस-099 या मानकानुसार ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर 2019 पासून सर्व मॉडेलना बंधनकारक आहे. ही गाडी 2021 ची, त्यामुळे ती चाचणी तिने दिलेली होती. त्या चाचणीत 950 किलो वजनाचा एक गाडा ताशी 50 किलोमीटर वेगाने उभ्या गाडीच्या कुशीत धडकवतात. गाड्याच्या पुढे बसवलेला मऊ धातूचा ठोकळा जमिनीपासून साधारण 30 सेंटीमीटरवर सुरू होतो आणि 80 सेंटीमीटरवर संपतो. त्याची उंची मध्यम मोटारीच्या नाकाएवढी आहे. तो छातीला आणि कमरेला मार देतो, पण सहसा डोक्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे बाजूची एकही एअरबॅग नसतानाही ही चाचणी पास होता येते, आणि अनेक गाड्या झाल्याही आहेत.

फाट्यावर धडकलेला पिकअप चाचणीतल्या त्या गाड्यासारखा नव्हता. कॅन भरलेले धरून त्याचे वजन अडीच टनांच्या आसपास होते आणि त्याच्या बॉनेटची कड मी मोजली तेव्हा ती जमिनीपासून एक मीटरच्या वर होती, म्हणजे आईच्या खांद्याच्याही वर. अमेरिकेत एसयूव्ही आणि पिकअप वाढल्यावर वर उल्लेखलेल्या संस्थेने 2003 मध्ये याच कारणासाठी अधिक उंच आणि 1,500 किलो वजनाचा गाडा वापरून चाचणी सुरू केली, आणि 2021 मध्ये वजन 1,900 किलोपर्यंत व वेग ताशी 60 किलोमीटरपर्यंत वाढवला. आपल्या रस्त्यावर पिकअप, ट्रॅक्टर आणि टेम्पो आजचे नाहीत. आपल्याकडे कायद्याने लागू असलेली किमान चाचणी मात्र मोटारीला मोटार धडकण्याचीच आहे. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या, 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या योजनेत तीन किंवा त्याहून अधिक तारे हवे असतील तर गाडी ताशी 29 किलोमीटर वेगाने कडेवर एका खांबावर आदळण्याची चाचणीही द्यावी लागते, आणि खांब डोक्यापर्यंत येत असल्याने तिथे कर्टनचा कस लागतो. तथापि ही मूल्यांकन योजना ऐच्छिक आहे.

येथे एक सावधगिरीचे बोलणे आवश्यक आहे. कर्टन आणि छातीची एअरबॅग असती तर आईला काहीच झाले नसते, असे मी मुलाला सांगितले नाही. 31 सेंटीमीटर आत आलेले दार कोणतीही पिशवी थोपवत नाही. ते काम मधल्या खांबाच्या पोलादाचे, रनिंग बोर्डचे आणि तळाच्या आडव्या पट्ट्यांचे आहे. सांगाडाच कच्चा असेल तर पिशवीला फुगायला जागाच उरत नाही, आणि सहा एअरबॅग असूनही सुरक्षा चाचणीत तीनच तारे मिळालेल्या गाड्या आहेत. कमरेचे हाड बहुधा तरीही मोडले असते. परंतु डोके थेट खांबाच्या प्लास्टिकवर आणि त्यामागच्या पोलादावर गेले नसते. कुटुंबाचे आयुष्य बदलले ते बरगड्यांनी नव्हे, डोक्याच्या माराने.

शोरूममधला निर्णय

मुलाने मग स्वतःहून जे सांगितले ते मी अहवालात लिहिले नाही, कारण अहवालात त्याला जागा नसते. 2021 मध्ये त्याने मधल्या व्हेरिएंटची गाडी घेतली. त्याच मॉडेलच्या सर्वात वरच्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग होत्या, पण तो घ्यायचा तर नव्वद हजारांच्या वर जास्त लागत होते, आणि त्यासोबत मोठा स्क्रीन, चामडी स्टिअरिंग, ॲलॉय व्हील अशा गोष्टी गळ्यात पडत होत्या. सेल्समनने सांगितले की यातही एअरबॅग आहेतच. "एअरबॅग आहेत म्हटल्यावर आम्ही पुढं विचारलंच नाही, साहेब," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने बाहेरून ॲलॉय व्हील, सीटकव्हर आणि दारांत मोठे स्पीकर बसवून घेतले. तो खर्च पन्नास हजारांच्या घरात गेला होता. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी त्याला दोष देत नाही. दोष आहे तो ही निवड त्याच्यावर टाकणाऱ्या पद्धतीत. केंद्र सरकारने 14 जानेवारी 2022 रोजी मसुदा अधिसूचना काढून प्रवासी मोटारींत दोन छातीच्या आणि दोन कर्टन अशा चार जादा एअरबॅग 1 ऑक्टोबर 2022 पासून बंधनकारक करण्याचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर 2022 च्या अखेरीस ती मुदत एक वर्षाने पुढे ढकलली गेली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हा नियम सक्तीचा करणार नसल्याचे सांगितले. ग्राहक आता जागरूक झाला आहे, स्पर्धेमुळे कंपन्या स्वतःहून देतील, असा त्यामागचा विचार होता, आणि तो अगदीच चुकीचा ठरला असेही नाही. अनेक कंपन्यांनी त्यानंतर सहा एअरबॅग सर्व व्हेरिएंटमध्ये दिल्या. पण बेल्ट कोणत्या व्हेरिएंटमध्ये घ्यायचा हे आपण ग्राहकाला विचारत नाही, ब्रेकही विचारत नाही. बाजूच्या धडकेत डोक्यासमोर काय असावे, हा प्रश्न सनरूफच्या शेजारच्या रकान्यात छापला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्या गाडीत ही यंत्रणा नंतर बसवून घेता येत नाही. सेन्सर, सीट, छताचे अस्तर आणि नियंत्रण युनिट हे सगळे कारखान्यातच ठरते. म्हणजे जी निवड होते ती एकदाच, शोरूमच्या टेबलावर, हप्त्याचा हिशेब चालू असताना होते.

दाव्याचा शेवट सरळ होता. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा मूल्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेल्याने गाडी पूर्ण नुकसानीत काढली आणि रक्कम मिळाली. मुलाच्या अर्जावर मी लिहिले की पुढच्या एअरबॅगमध्ये दोष आढळला नाही, धडकेची दिशा पाहता त्या उघडणे अपेक्षित नव्हते, आणि या व्हेरिएंटमध्ये बाजूच्या एअरबॅग उपलब्ध नाहीत. छापील नमुन्यात बाजूच्या एअरबॅगची स्थिती विचारणारा रकाना असतो. त्यात "लागू नाही" असे लिहिताना हात जड झाला.

नवी गाडी

साडेतीन महिन्यांनी मुलाचा फोन आला. सहा एअरबॅग असलेली गाडी घेतली होती, सर्व व्हेरिएंटमध्ये त्या असलेले मॉडेल मुद्दाम निवडले होते, आणि मी एकदा पाहावी अशी त्याची इच्छा होती. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. गाडीला हार होता, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक होते, आणि सीटवर जाड रेक्झिनची नवी, घट्ट शिवलेली कव्हरे होती.

मी पुढचे डावे दार उघडले आणि सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेवर बोट फिरवले. कंपनीच्या मूळ कापडावर त्या जागी एअरबॅग असे लिहिलेली छोटी पट्टी असते, आणि तिच्याजवळची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, म्हणजे पिशवी तिथून फाडून बाहेर येऊ शकेल. नव्या कव्हरने ती पट्टी झाकली होती आणि नेमक्या त्याच कडेवर दुहेरी टाके घातलेले होते. एक शतांश सेकंदात बाहेर यायची पिशवी त्या रेक्झिनमध्ये अडली असती किंवा भलत्याच दिशेने निघाली असती. मुलगा काही बोलला नाही. आतून कात्री घेऊन आला आणि दोन्ही पुढच्या सीटची कव्हरे त्याने तिथेच उसवून काढली. दारांतले स्पीकर बदलायचा विचार होता, तोही मी सोडायला सांगितला. या गाडीत दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीत होता, आणि पॅनेल उचकटून भोके पाडली की पोकळीतला दाब कसा वाढेल याचा कंपनीने केलेला हिशेब बिघडतो.

आई ओसरीवर खुर्चीत बसली होती. वॉकर शेजारी होता. तिने मला ओळखायचे कारण नव्हते, आम्ही कधी भेटलोच नव्हतो. पण सुनेने नाव सांगितल्यावर ती थोडे हसली आणि "चहा घ्या" म्हणाली. मग तेच पुन्हा म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा. डॉक्टरांच्या मते स्मरणशक्ती हळूहळू सुधारते आहे.

जाताना मुलाने विचारले की आता आईला कुठे बसवायचे. घरच्यांना मागची सीट सुरक्षित वाटत होती. मी त्याला गाडीचे माहितीपुस्तक उघडून दाखवले: त्या मॉडेलमध्ये, बहुतेक सहा एअरबॅगच्या गाड्यांप्रमाणेच, छातीची पिशवी फक्त पुढच्या दोन सीटना होती, मागे कर्टन होती, म्हणजे डोक्याला आडोसा होता, बरगड्यांना नव्हता. मागे बसायचे असेल तर बेल्ट लावून, खिडकीला डोके टेकून न झोपता. पुढे बसायचे असेल तर सीट सरळ ठेवून, दारापासून थोडे आत. त्याने आईला विचारले, "आई, कुठं बसणार?"

तिने थोडा वेळ विचार केला. "तुझ्या शेजारी," ती म्हणाली.

सुनेने तिला धरून पुढच्या डाव्या सीटवर बसवले, पाठ सरळ केली, बेल्ट ओढून लावला. मग मागे जाऊन स्वतःचाही लावला.